खानापूरच्या कौलारू सोप्यात होम थिएटर : स्पीकर कुठं लावावेत?

जांभ्याचं_घर

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. घर आजोबांच्या वेळचं, भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं. यंदा पावसाच्या आधी सोप्याची डागडुजी काढलीय. जुना गिलावा पाडून नवा करणार, वायरिंगही नवं. स्पीकरच्या वायरी त्याच वेळी भिंतीतून घ्यायच्या असं ठरवलंय. एकदा गिलावा झाला की परत भिंत फोडायला घरातलं कोणी देणार नाही, म्हणून जागा आत्ताच नक्की करायला हव्यात.

सोपा १८ फूट लांब, ११ फूट रुंद. बाहेरचं दार लांब भिंतीच्या मधोमध आणि त्याच्या बरोबर समोर माजघराचं दार. दोन्ही साडेतीन फुटी. टीव्ही ५५ इंची, तो ११ फुटी भिंतीवर जाईल. त्या भिंतीपासून १० फुटांवर सोफा. सोफ्यामागं माळ्याचा जिना आणि भाताची कणगी. आईचा झोपाळा उजव्या अंगाला, सोफ्याच्या जरा पुढं, तुळईला टांगलेला. तो हलवायचा नाही. टीव्हीच्या भिंतीत दोन्ही बाजूंना एकेक कोनाडा आहे, स्पीकर त्यात बसतील असं वाटतं.

हे सगळं मुख्यतः बाबांसाठी चाललंय. वय ७८. टीव्हीवरचं संगीत, मारामारी, गाड्यांचे आवाज सगळं ऐकू येतं, पण बोललेलं कळत नाही. आवाज वाढवला की आई उठून आत जाते. बायको माहेरची गोकाकची. सासरे आले की कन्नड सिनेमा लागतो. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळं तेव्हा मलाही शब्द न् शब्द सुटा ऐकू यायला हवा.

बेळगावात एका दुकानात चौकशी केली. त्यांनी ७.१.२ सुचवलं, म्हणजे सात स्पीकर, एक सबवूफर (फक्त खर्जाचा मोठा स्पीकर) आणि वर तोंड करून आवाज छताला मारणारे दोन. माझं बजेट, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा), स्पीकर, वायर सगळं धरून, एक लाख. ५.१ पुरेल की ७.१ घ्यावं? कौलांखाली ॲटमॉस, म्हणजे तो वरून येणारा आवाज, चालतो का? आणि मधला स्पीकर कुठं ठेवायचा?

टिळकवाडीकर

१८ फूट लांबी सगळ्यांना मिळत नाही, ती वाया घालवू नका. माझ्याकडं स्लॅबच्या हॉलमध्ये ७.१ आहे. बाजूचे दोन ९० ते ११० अंशांवर, मागचे दोन १३५ ते १५० अंशांवर. समोर टीव्ही म्हणजे शून्य अंश, तिथून मोजायचं. विमान डोक्यावरून मागं जातं ते खरोखर मागं जातं. ५.१ मध्ये मागचा आणि बाजूचा आवाज एकाच जोडीतून येतो, त्यामुळं तेवढा फरक कळत नाही. तुमच्या सोफ्यामागं ८ फूट मोकळे आहेत, म्हणजे मागच्या जोडीला जागा आहेच. भिंत उघडी आहे तोवर वायर टाकून घ्या, स्पीकर नंतर आणा.

वडगावची_लेक

टिळकवाडीकर दादा, विमान मागं गेलं काय न गेलं काय, यांच्या बाबांना बोलणं ऐकू यायला पाहिजे.

आमच्या घरात यंत्रमाग होते. आईनं आयुष्यभर मागावर काम केलं. तिला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, अगदी तुमच्या बाबांसारखंच. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवून समजावलं होतं. खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत असतात, वरचे गेलेले असतात. वयानं जातात तसेच कारखान्याच्या आवाजानंही जातात. क, त, स, श ही व्यंजनं वरच्या पट्टीत, २००० हर्ट्झच्या पुढं. स्वर खालच्या पट्टीत. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. सगळ्याचाच आवाज वाढवला तर पार्श्वसंगीतही वाढतं आणि शब्द परत त्याच्याखाली जातात.

सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं मधल्या चॅनेलवर असतं. नुसत्या टीव्हीच्या स्पीकरमधून ते संगीतात मिसळून येतं. मधला स्पीकर वेगळा असला की रिसीव्हरमधून तेवढ्या एकाचाच आवाज वाढवता येतो. आम्ही तो २ ते ३ डीबी (डेसिबल) वर ठेवतो. आई आता संवाद ऐकून हसते, आम्ही हसलो म्हणून हसत नाही. माझ्या मते आधी ३.१ घ्या, म्हणजे पुढचे तीन आणि सबवूफर. तीन चांगले घ्या. बाजूचे दोन दिवाळीला.

जांभ्याचं_घर

ताई, आईबद्दल लिहिलंत ते वाचून बाबांचं दुखणं पहिल्यांदा नीट समजलं. आम्ही इतके दिवस नुसता आवाज वाढवत होतो.

मोजपट्टी

मी नकाशे काढायचं काम करते, त्यामुळं तुमचं वर्णन वाचून आधी सोपा कागदावर उतरवला. तुमच्या घरात स्पीकर किती यापेक्षा सोफा कुठं हा प्रश्न मोठा आहे. तो सुटला की बाकीच्या जागा आपोआप पडतात.

१८ फुटांच्या खोलीत १० फुटांवर बसणं म्हणजे जवळजवळ मधोमध बसणं. खालच्या सुरांच्या लाटा समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. १८ फूट म्हणजे साधारण साडेपाच मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीच्या दिशेनं पहिली उभी लाट ३१ हर्ट्झच्या आसपास येते. तिचा जोर दोन्ही टोकांच्या भिंतींशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. दुसरी ६२ हर्ट्झची, ती नेमकी मध्यावर फुगते. म्हणजे मधोमध बसणाऱ्याला अगदी खालचा खर्ज मिळत नाही, आणि त्याच्या जरा वरचा नको तितका घुमतो. पुरुषी आवाजातले शब्द असल्या घुमण्यानं जड होतात. वरची कौलं आणि उघडी दारं यांमुळं तुमच्याकडं हे थोडं सैल पडेल, पण पडेल ते याच दिशेनं.

सोफा दीड फूट मागं घ्या. टीव्हीच्या भिंतीपासून कान साडेअकरा फुटांवर येतील असा. मध्य सुटतो, आणि दुसरी अडचणही सुटते. दाराची चौकट पुढच्या भिंतीपासून सव्वासात ते पावणेअकरा फूट एवढ्या पट्ट्यात आहे. सोफा १० फुटांवर ठेवला तर ९० अंशांची रेघ थेट दारात जाते, स्पीकर लावायला भिंतच नाही. साडेअकरावर बसलात तर बाजूचा स्पीकर साडेबारा फुटांवर, भरीव भिंतीवर येतो. कानापासून बाजूची भिंत साडेपाच फूट, स्पीकर एक फूट मागं, म्हणजे कोन साधारण १०० अंश. ९० ते ११० च्या बरोबर मधे.

पुढचे दोन : बाजूच्या भिंतींपासून सव्वा फूट आत आणि टीव्हीच्या भिंतीपासून एक फूट पुढं. दोघांत साडेआठ फूट अंतर राहतं. बसणाऱ्याकडून कोन प्रत्येकी २२ अंश. डॉल्बीच्या मार्गदर्शनात २२ ते ३० सांगितलेत, तुमचं खालच्या टोकाला बसतंय. म्हणून दोघांची तोंडं सोफ्याकडं वळवा. चिमणी, म्हणजे वरचा छोटा ट्वीटर, बसल्यावर कान असतो त्या उंचीला यावी, साडेतीन फुटांच्या आसपास.

कोनाड्यांत मात्र स्पीकर ठेवू नका. बहुतेक स्पीकरना मागं किंवा पुढं हवेचं भोक असतं आणि तीन बाजूंनी दगडात कोंडलेला स्पीकर खालच्या सुरात घुमायला लागतो. शिवाय त्याला वळवता येत नाही. कोनाड्यांत दिवे ठेवा, शोभून दिसतील.

निपाणी_वायरमन

मी निपाणीत फिटिंगचं काम करतो, होम थिएटरचीबी बरीच केल्यात. जांभ्याच्या भिंतीचं सांगतो. चिरा मऊ असतोय, घळ मारायला सोपा, पण भुसभुशीत निघाला की पाइप धरत नाही. गिलाव्याच्या आत दर दोन फुटांवर क्लिप मारा. पाइप २५ मिमीचा घ्या, वळणाला एल्बो नको, लांब बेंड वापरा, नाहीतर वायर वढताना तिथंच आडकते. पाइपमधे नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढं कायबी वाढवायचं झालं की दोरी वढली, काम झालं. टिळकवाडीकर म्हणत्यात तसं मागच्या दोघांसाठी वायर आत्ताच घालून पैसा गुतवायची गरज नाही, मोकळा पाइप आणि दोरी बास.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बी स्पीकर वायर म्हणूनच मिळते, दिसायला सेम टू सेम. टोक सोलून पात्यानं खरवडा, आत पांढरं दिसलं की परत द्या. पुढच्या तिघांचं अंतर कमी हाय, दीड चौरस मिमी पुरेल. बाजूच्यांना वायर दारावरनं फिरून जाणार, लांबी वाढणार, त्यांना अडीच घाला. लाइटच्या वायरीच्या पाइपात स्पीकरची वायर घालू नका, निदान फूटभर लांब ठेवा. कुठं वलांडायचीच झाली तर आडवी वलांडा, समांतर नको.

माळ्यावरनं वायर उघडी नेऊ नका. कौलाच्या घरात उंदीर आसतोयच.

आणि अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनी सॉकेट असतंय पण मागं अर्थची वायरच नसते. वायरिंग नवं करालाय तर आधी ते बघा. खानापूरकडं वळवाच्या पावसात विजा किती पडत्यात ते तुमाला सांगायला नको. ढग गडगडला की नुसता मेनचा प्लग काढून भागत नाही. डिशची केबल बी काढा. डिशवरनं सेट टॉप बॉक्स, तिथनं एचडीएमआय, तिथनं रिसीव्हर, असा मार्ग असतोय.

टिळकवाडीकर

वायरमन दादांचा दोरीचा सल्ला मान्य. मोजपट्टी ताईंच्या हिशेबानं मागं आता साडेसहा फूटच उरतात आणि त्यात जिना आणि कणगी. तिथं १३५ अंशांची जोडी सरळ बसणार नाही, एक जिन्याआड जाईल. तर ७.१ चा आग्रह मी सोडतो.

पण ॲटमॉसबद्दल लिहायला हवं, कारण दुकानदारानं जे सुचवलंय ते तुमच्या घरात चालणार नाही. ॲटमॉस २०१२ साली थिएटरात आलं. त्यात आवाज ठरावीक चॅनेलला बांधलेला नसतो, तो खोलीत कुठं असावा याची माहिती सोबत येते आणि रिसीव्हर आपल्याकडच्या स्पीकरवर तो वाटतो. वर तोंड केलेले स्पीकर छतावरून आवाज परतवतात. त्यासाठी छत सपाट आणि कडक लागतं, उंची साधारण साडेसात ते चौदा फूट. कौलांच्या उतारावर आदळलेला आवाज तुमच्याकडं येणारच नाही, भलतीकडं जाईल. वर कौलांमधल्या फटींतून निम्मा बाहेर. त्या दोन स्पीकरचे पैसे तुम्ही मधल्या स्पीकरवर घाला.

वरचा आवाज हवाच असेल तर तुळईवरून दोन छोटे स्पीकर खाली तोंड करून टांगता येतात. सोफ्याच्या किंचित पुढं, दोघांची तोंडं बसणाऱ्याकडं. हा मार्ग खरा आहे. पण तो शेवटी.

जांभ्याचं_घर

मोजपट्टी ताई, आज दोरी आणि टेप घेऊन सगळं जमिनीवर खडूनं आखलं. एक अडचण दिसली. बाहेरचं दार दोन फळ्यांचं आहे, आत उघडतं, आणि उघडल्यावर फळी भिंतीला टेकून राहते. दिवसभर दार उघडंच असतं. ती फळी नेमकी साडेबारा फुटांपर्यंत येते.

आणि आईचा झोपाळा? ती सोफ्यावर कधीच बसत नाही. तिला उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब पडणार. तिच्यासाठी काही करता येईल का?

मोजपट्टी

फळीचं बरं सांगितलंत. स्पीकर १३ फुटांवर न्या. कोन १०५ होतो, अजून हद्दीत आहे. समोरच्या भिंतीवरचाही १३ वरच घ्या, दोन्ही बाजू सारख्या राहू देत. उंची साडेपाच फूट, म्हणजे कानाच्या दोन फूट वर. तिथं फळीचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याचा अडथळा येत नाही, आणि शेजारी बसलेल्याच्या कानातही स्पीकर ओरडत नाही.

आईंसाठीच मधला स्पीकर हवा. नुसते दोन स्पीकर असले की बोलणं पडद्याच्या मधून आल्यासारखं वाटतं ते फक्त बरोबर मधे बसणाऱ्याला. बाजूला सरकलं की ते जवळच्या स्पीकरकडं ओढलं जातं. मधला स्पीकर स्वतःच तिथं असल्यामुळं झोपाळ्यावरूनही नटाचं बोलणं नटाच्या तोंडातूनच येईल. झोपाळा हलत असला तरी.

तो टीव्हीच्या खाली, टेबलाच्या अगदी पुढच्या काठाला ठेवा. आत सरकवला तर टेबलाच्या पृष्ठावरून आवाज उसळतो आणि बोलणं धूसर होतं. बंद कपाटाच्या खणात तर अजिबात नको. खालून रबराचे दोन तुकडे लावून तोंड थोडं वर करा, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडं. आणि तिन्ही पुढचे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडं चालत गेला तर त्याचा आवाज वाटेत बदलता कामा नये.

आता भिंती. जांभा उघडा असता तर त्याच्या खडबडीनं थोडी मदत झाली असती, पण तुम्ही गुळगुळीत गिलावा करणार, खाली फरशी. बोलणं थेट कानात येतं त्याच्या मागोमाग भिंतीवरून आपटून परत येतं, आणि बाबांची व्यंजनं त्यात पुसली जातात. एक माणूस सोफ्यावर बसवा. दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवरून आरसा कानाच्या उंचीनं सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल तिथं आवाज आपटतो. तुमच्या मापात जवळच्या स्पीकरसाठी ही जागा पुढच्या भिंतीपासून तीन फुटांच्या आसपास येते. समोरच्या स्पीकरसाठी साडेसात-आठ फुटांवर, आणि तिथं तुमचं दार आहे. उघड्या दारातून आवाज परत येत नाही, त्यामुळं ते काम फुकटात झालं. तीन फुटांवर घरातली जाड वाकळ टांगा, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून. फरशीवर सोफ्यापुढं सतरंजी. वाकळीनं खालचा खर्ज कमी होत नाही, तो तिच्यातून आरपार जातो, पण शब्द सुटे व्हायला तिचा उपयोग नक्की होतो.

वडगावची_लेक

वाकळीचं अगदी खरं. आमच्याकडं मागाच्या खोलीचं दार बदललं तेव्हा जुनी वाकळ तिथं टांगली होती, टीव्हीच्या खोलीतला फरक त्याच दिवशी कळला.

आणखी एक. रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी म्हणून एक सोय असते, कुठं तिला नाइट मोड म्हणतात, कुठं डायनॅमिक रेंज. ती लावली की मोठे आवाज दबतात आणि हळू बोललेलं वर येतं. बाबा एकटे बघत असले की हीच लावून द्या. आईंना आत जावं लागणार नाही.

शहापूरचा_श्रोता

धागा वाचतोय आणि मनापासून आवडतोय. गाण्याच्या बाजूनं थोडं लिहितो. सुळेभावी आपल्याच जिल्ह्यात, कुमार गंधर्व १९२४ साली तिथं जन्मले. ज्या घरात अशी ध्वनिमुद्रणं लागतात तिथं पुढची जोडी फक्त सिनेमासाठी निवडू नये. गाणं ऐकताना बाजूचे, मधला सगळे बंद, रिसीव्हर स्टिरिओवर. जुनी मैफल बहुतेक एकाच चॅनेलची असते, दोन्ही स्पीकरमधून तेच येतं आणि गायक दोघांच्या मधे उभा राहतो. पाचही स्पीकरवर पसरवली की तंबोरे चहूकडून वाजतात आणि गायक कुठंच नसतो.

म्हणून पुढच्या जोडीत निदान साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा पडदा) घ्या. एक लाखातले निम्मे पुढच्या तिघांना द्या, असं माझं स्पष्ट मत. बाजूचे साधे चालतात, त्यांच्यावर पाऊस, गर्दी, पाखरं एवढंच काम असतं.

मोजपट्टी ताईंशी एका बाबतीत मात्र सहमत नाही. गाण्यासाठी २२ अंश अरुंद आहेत. मी असतो तर खुर्ची पुढं घेऊन २७-२८ अंशांत ऐकलं असतं.

मोजपट्टी

काका, गाण्यासाठी तुमचं बरोबर आहे. मैफल ऐकायची तेव्हा एक हलकी खुर्ची ९ फुटांवर आणून बसता येईल, पुढचे स्पीकर तिथून २८ अंशांत दिसतात. जागा स्पीकरच्या बदलायच्या नाहीत, माणसानं हलायचं. सोफा मात्र साडेअकरावरच, कारण बाबा आणि दार.

कडोलीकर

सबवूफरचं कोणी लिहिलं नाही. आमचं घर गल्लीत, शेजाऱ्याची आणि आमची भिंत एक. सबवूफर त्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला होता तर शेजारच्या आजींच्या फडताळातली भांडी थरथरायची. आता उलट्या बाजूला, खाली जाड रबर. खर्ज हवेतून जातो त्यापेक्षा भिंतीतून आणि जमिनीतून लांब जातो. खानापूरच्या दादांचं घर सुटं असेल तर प्रश्न नाही, पण कौलातून आवाज बाहेर जातो हे रात्री लक्षात ठेवा.

आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात रिसीव्हर बंद करून महिनोन्‌महिने ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर चालवा, आतल्या उबेनं दमट हवा धरत नाही. स्पीकरच्या भोकाला नायलॉनची जाळी लावा, कुंभारमाशी आत मातीचं घर करते.

टिळकवाडीकर

सबवूफरची जागा शोधायची जुनी रीत सांगतो. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, जिथं डोकं असतं तिथं. त्यावर खर्जातलं एखादं संथ वादन लावा. मग स्वतः जमिनीलगत वाकून पुढच्या भिंतीकडेनं, कोपऱ्यांतून फिरा. जिथं प्रत्येक स्वर सारख्या जोराचा ऐकू येतो, एकही फुगत नाही की बुडत नाही, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात सगळ्यात मोठा ऐकू येईल, पण मोठा म्हणजे चांगला नव्हे.

रिसीव्हरच्या मेनूत पाचही स्पीकर स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. स्पीकर मोठे असले तरी. ८० च्या खालचं सबवूफरकडं जातं, आणि त्या पट्टीतला आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे कानाला फारसं सांगता येत नाही, म्हणून एक सबवूफर सगळ्यांना पुरतो. ५.१ मधला तो .१ म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतचा वेगळा चॅनेल, स्फोट, गडगडाट यांसाठी.

मग अंतरं. प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंत टेप धरून मोजा आणि मेनूत घाला. आवाजाला एक फूट यायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो. बाजूचे जवळ, पुढचे लांब. अंतर घातलं की रिसीव्हर जवळच्याला तेवढा थांबवतो. डेनॉनच्या बऱ्याच मॉडेलांत ऑडिसी आणि यामाहात वायपीएओ अशी माइक लावून मोजायची सोय येते. माइक हातात धरू नका, कॅमेऱ्याच्या तिपाईवर कानाच्या उंचीला लावा, पंखा बंद, दारं रोज असतात तशीच. ते झाल्यावर मधला स्पीकर हातानं २ डीबी वाढवा.

टीव्हीतल्या ॲपवरून सिनेमा बघणार असाल तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय तोंडावर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडं परत पाठवायची सोय) लिहिलंय त्याचीच केबल रिसीव्हरला न्या. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर राहिला असेल तर तो बदला. बऱ्याच टीव्हींतून पीसीएमवर दोनच चॅनेल बाहेर येतात, आणि तुमचा मधला स्पीकर गप्प बसतो किंवा रिसीव्हरच्या अंदाजावर चालतो.

जांभ्याचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर आजच सांगा, गवंडी सोमवारी येतोय.

५.१. सोफा साडेअकरा फुटांवर. पुढचे दोन स्टँडवर, कोनाडे मोकळे. मधला टेबलाच्या काठावर. बाजूचे दोन १३ फुटांवर, साडेपाच फूट उंच. सबवूफरसाठी पुढच्या भिंतीत दोन ठिकाणी सॉकेट आणि वायर, म्हणजे जागा शोधून पक्की करता येईल. मागं जिन्याजवळ आणि वर तुळईपर्यंत मोकळा पाइप आणि दोरी. वाकळ आईनं स्वतः काढून दिलीय, तिच्या आईच्या हातची. भिंतीवर लावायची म्हटल्यावर आधी उन्हात टाकली.

पैसे पुरले नाहीत तर बाजूचे दोन दिवाळीला, वडगावच्या ताई म्हणाल्या तसं. मधल्यावर तडजोड नाही.

वायरमन दादा, एकच विचारायचं राहिलं. भिंतीतून गेल्यावर वायरीचं कुठलं टोक कुठलं हे कसं ओळखायचं?

निपाणी_वायरमन

वायरीच्या एका पदरावर रेघ किंवा अक्षरं असत्यात, तो पदर सगळीकडं लालला धरा. रेघेचा लाल, बिनरेघेचा काळा, पाची स्पीकरला एकच नियम. एक जरी उलटा लागला तर खर्ज एकमेकाला खातोय आणि मधला आवाज पसरल्यागत होतोय. गिलावा झाल्यावर शंका आली तर रिसीव्हरकडची दोन्ही टोकं सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, रेघेला प्लस. वूफरचा पडदा भायेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं. क्षणभरच टेकवा, धरून ठेवू नका.

आणि गिलावा मारायच्या आधी प्रत्येक पाइपाचा फोटो काढून ठेवा, बाजूला टेप धरून. पुढं खिळा मारताना कामाला येतोय.